प्रेमापोटी, विनामोबदला

"प्रेमापोटी, व्हय?" असं म्हणून सिस्टर चष्मा कपाळावर सारायच्या आणि समोरच्याकडं अशा बघायच्या, की त्यानं मुकाट काढता पाय घ्यावा. रिक्षावाल्यानं दहा रुपये सोडले, भाजीवालीनं वर दोन मिरच्या टाकल्या, तरी तेच. "फुकट? प्रेमापोटी, व्हय?" हे वाक्य त्यांना मी दिलेलं होतं. कसं दिलं ते सांगते. त्यात माझी काही शोभा नाही.

माझे वडील मोंढ्यात पोती उचलायचे. घरात कागद म्हणावा असा एकच, रेशन कार्ड. ते पिशवीत घालून खिळ्याला टांगलेलं असायचं. वडिलांचा अंगठा लोक बोट धरून लावून घ्यायचे, वर काय लिहिलंय ते सांगायचे नाहीत. अशाच एका अंगठ्यानं आमची खोली गेली आणि पावसाळाभर आम्ही मामाच्या ओट्यावर काढला. म्हणून मी शिकले. अख्ख्या भावकीत पहिली पदवी माझी, बी.कॉम. आजही कोणी शिक्षण विचारलं की मी जरा मोठ्यानंच सांगते.

पुढं क्रांती चौकाजवळ एका दस्तलेखक काकांच्या टेबलावर टायपिंगला लागले. सगळ्यात जास्त काम हक्कसोडपत्रांचं. आमच्याकडं बहिणी बापाच्या जमिनीतला हिस्सा भावाला लिहून देतात, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. तो मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयारच होता: 'नैसर्गिक प्रेमापोटी, स्वखुशीने, विनामोबदला.' नाव बदला, गट नंबर बदला, प्रिंट काढा.

एक दिवस सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, मूळच्या देवगाव रंगारीच्या. बरोबर घटस्फोट झालेला नवरा आणि सख्खा भाऊ. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. फ्लॅटमधला आपला हिस्सा सिस्टर नवऱ्याला लिहून देणार होत्या. कर्ज त्यानं फेडायचं आणि कर्जातून सिस्टरांचं नाव काढून आणायचं, असं कोर्टात संमतीनं ठरलं होतं. तो कोर्टाचा कागद माझ्यासमोर पडलेला होता. मी त्यातून नावं आणि फ्लॅटचा नंबर उतरवून घेतला. पुढचं वाचलं नाही. मी, बी.कॉम.

सिस्टरांनी मात्र प्रिंट वाचली, ओळीवर बोट ठेवून. एका जागी बोट थांबलं.

"प्रेमापोटी, व्हय?" त्या नवऱ्याकडं वळल्या. "बावीस वर्षं कुठं ठिवलं होतं हे?"

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. भाऊ म्हणाला, "अक्का, कर सही. कटकट मिटव."

"आन् बँकेचं?"

"बँकेचं मी बघतो," नवरा म्हणाला.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "तसाच मजकूर असतो, सिस्टर. सगळेच करतात."

त्यांची ड्युटी होती. सही करून निघून गेल्या.

वर्षभरानं परत आल्या, हातात बँकेची नोटीस. नवऱ्यानं हप्ते थांबवले होते आणि बँक सिस्टरांच्या मागं लागली होती. निवृत्तीनंतर दवाखान्याचं क्वार्टर सोडावं लागणार म्हणून हर्सूलला दोन खोल्या बघून ठेवलेल्या. त्यासाठी कर्ज मागायला गेल्या, तर जुनं थकलेलं असताना नवं कुठून मिळणार! बँकेत त्यांना ऐकवलं, "मॅडम, घटस्फोट तुमचा आपसातला मामला. आमच्या कागदावर तुम्ही दोघं."

म्हणजे बघा. घरातून बाईचं नाव काढायला अर्धा दिवस पुरला. कर्जातून काढायचं म्हटलं की कोणालाच सवड नाही. ती तिथं राहत नाही, तिच्याकडं किल्ली नाही, आणि वसुलीचा माणूस वॉर्डात येऊन पेशंटसमोर तिचं नाव घेतो. संताप येतो, अजूनही येतो.

सिस्टर कोर्टात गेल्या. नवऱ्याच्या वकिलानं काय दाखवावं? माझं हक्कसोडपत्र. "बाईंनी प्रेमापोटी, विनामोबदला हक्क सोडलाय. यात कर्जाची अट कुठंय?"

त्या तारखेनंतर त्या सरळ माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी पिशवीतून जवसाच्या चटणीची पुडी काढून पुढं सरकवली.

"खा. आन् ऐक, बी.कॉम. सुई टोचताना मी बी म्हणते, काय दुखत नाय. पर सुई दाखवते तरी. तू दाखवली नाय."

मी पुडी तशीच बाजूला ठेवली.

"भावाला जमीन दिली तवा बी हेच लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तेच्यासाठी माया होती, खरंय. पर ह्या बाबासाठी? हे तू घातलं का मी?"

"मी घातलं."

"मंग हेच जजसायबाला सांगशील?"

काकांनी ऐकलं. सिस्टर गेल्यावर म्हणाले, "टेबलावरची गोष्ट टेबलावरच ऱ्हाऊ दे. कोर्टात बोललीस तर उद्यापासून खुर्ची दुसऱ्याची." घरी वडील आजारी होते. दोन दिवस मी टायपिंगच करत राहिले. तिसऱ्या दिवशी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी आपला अंगठा बघितला आणि म्हणाले, "माझ्या वक्ताला असं कोणी बोललं असतं तर?"

मी कोर्टात गेले. जजमॅडमनी विचारलं, "हे वाक्य कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणीच नाही, मॅडम. बहिणींच्या दस्तात असतं, तेच ठेवलं. कोर्टाच्या अटींचा कागद समोर होता. मी तो वाचला नाही."

वकील हसला. "शिकलेल्या आहात ना?"

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच सांगायला आले."

मागच्या बाकावर सिस्टरांनी चष्मा कपाळावर सारलेला मला दिसला.

खुर्ची गेली. सहा महिने मी झेरॉक्सच्या दुकानात काढले. दर गुरुवारी सिस्टर वडिलांचं बीपी बघायला घरी यायच्या. पैशाचं नाव काढलं की डोळे वटारायच्या. "गप बस. प्रेमापोटी." तेवढं तिथंच ते वाक्य त्या प्रश्न न करता म्हणायच्या.

कोर्टानं आपल्याच अटींचा कागद उचलून धरला: ठरलेल्या मुदतीत कर्ज एकट्याच्या नावावर कर, नाहीतर फ्लॅट विकून फेड. मुदत टळायला आली तसा नवरा हलला. त्यानं थकलेले हप्ते भरले आणि आपल्या मोठ्या भावाला जामीन करून कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं. एका माणसाला आपला शब्द पाळायला लावायला एका बाईची साडेतीन वर्षं गेली. याला न्याय म्हणायचं तर म्हणा. मी उशीर म्हणते.

हर्सूलच्या दोन खोल्यांचं खरेदीखत मी टाइप केलं. तोवर मी माझं स्वतःचं टेबल लावलं होतं. सिस्टरांनी सगळी पानं वाचली, ओळीवर बोट ठेवून. मागची माणसं चुळबूळ करायला लागली. "मॅडम, आवरा की."

"थांबा," मीच म्हटलं. "वाचू द्या त्यांना."

सही करून त्या उठल्या. "बी.कॉम., आता सुई दाखवायला शिकलीस."

माझ्याकडं आता कोणीही हक्क सोडायला आलं, की मी आधी विचारते: यावर कर्ज आहे का, आणि त्यात कोणाकोणाचं नाव आहे? कर्ज असेल तर बँकेचं पत्र असल्याशिवाय मी प्रिंट काढत नाही. 'प्रेमापोटी' हा शब्द आता मजकुरात तयार नसतो. ज्याला हवा त्यानं तोंडानं सांगायचा.

सिस्टर आता इकडं येत नाहीत. निवृत्त झाल्या, आणि कागदाचं कामच उरलं नाही त्यांचं. कर्जातून त्यांचं नाव निघाल्याच्या पत्राची एक प्रत माझ्या खणात आहे. हर्सूलचं घर त्यांच्या एकटीच्या नावावर आहे.