कागदाऐवजी स्वतः चालत जाणारे गुरुजी

नरहरपंत गुरुजींच्या साठीनिमित्त काही लिहून द्या, असा गौरवसमितीचा निरोप आला तेव्हा मी शाळेचा पट भरत बसलो होतो. खरं सांगतो, अंगात त्राण नव्हतं. इतकी वर्षं मास्तरकी केल्यावर विशेषणांचा साठा संपतो, आणि गुरुजींना ती आवडतही नाहीत. म्हणून डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते विंझरच्या पुढे, डोंगराकडेच्या एका लहान गावी. भोर संस्थानच्या शिक्षणखात्यानं मला त्यांच्या हाताखाली दुय्यम शिक्षक म्हणून धाडलं होतं. मी सारोळ्याचा, सपाटीवरचा माणूस. चालून पाय सुजलेले, खांद्यावर वळकटी. गुरुजी शाळेच्या पायरीवर बसले होते आणि एक बाई आपल्या मुलाचं गाऱ्हाणं सांगत होत्या. ऐकत नाही, उलट बोलतो, "चांगला फोडून काढा गुर्जी." गुरुजींनी मला हातानंच बसायची खूण केली. बाईंचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "घरात तो चांगलं काय करतो?" बाईंनी आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "मारक्या म्हशीजवळ त्याच्याबिगर कोन जात न्हाई." "बरं झालं सांगितलंत," गुरुजी म्हणाले. "इथं तो तोंडच उघडत नाही. मी त्याला भित्रा समजत होतो." एवढ्या बोलण्यात अर्धा तास गेला आणि मला अजून पाणीसुद्धा मिळालं नव्हतं. या गृहस्थांच्या हाताखाली दिवस काढणं कठीण आहे, असं मी मनाशी म्हटलं.

बाजाराच्या दिवशी गुरुजी शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेला जाऊन बसत. जाणाऱ्या-येणाऱ्या आईबापांना म्हणत, "भांडायला या, पण भांडण नसतानाही या. घरात काही अडलं तर आधी सांगा. आणि आमचं चुकलं तर पोरासमोर नको, मला एकट्याला सांगा." लोक माना डोलावून पुढे जात. पालथ्या घड्यावर पाणी, असं मला वाटे.

दुसऱ्या वर्षी गुरुजींना हिवतापानं धरलं. ते महिनाभर भोरला जाऊन राहिले आणि शाळा माझ्या हाती आली. वरच्या वाडीतल्या धुळबा धनगराची ठकू तिसरीत होती. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. ती पंधरा दिवस आली नाही. मी खात्याच्या छापील कागदावर लिहिलं, 'पाल्य विनापरवाना गैरहजर. तात्काळ खुलासा करावा.' खाली ठसठशीत शिक्का मारला आणि कागद वाडीवर धाडून दिला. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तेव्हा पटावरून ठकूचं नाव कमी केलं. काम चोख झालं म्हणून मी खूश होतो.

गुरुजी परतले आणि त्यांनी पहिलं ठकूचंच विचारलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पायांत बळ नसताना, ते मला घेऊन वाडीची चढण चढले. चार ठिकाणी बसावं लागलं.

वाडीवर गेल्यावर सगळं कळलं. ठकूची आई बाळंत झाली होती आणि घर ठकूवर पडलं होतं. कागद आला, पण घरात वाचता येणारी एकटी ठकूच. तिनं अक्षर न चुकता वाचून दाखवला. धुळबानं शिक्का पाहिला. शिक्क्याचा कागद म्हणजे राखीव रानात मेंढरं चारल्याचं समन्स, एवढंच त्याला ठाऊक. शाळेपायी कचेरी घरात आली, म्हणून पोरीला मामाकडे धाडून तिथंच तिचं लग्न उरकायचं त्यानं ठरवलं होतं.

गुरुजींनी आधी बाळंतिणीची चौकशी केली. मग म्हणाले, "धुळबा, चूक शाळेची आहे. हे मास्तर यायला हवे होते."

"कागूद आला म्हंजी सरकार आलं," धुळबा खाली बघत म्हणाला. "मानूस आला असता तर दूध पाजलं असतं."

मी माफी मागितली. नाव कमी केल्याचंही सांगून टाकलं. तेव्हा गुरुजी धुळबाला म्हणाले, "आणि तुम्हीही एक निरोप धाडायचा होता. बाजाराला जाताना शाळेवरूनच जाता ना?"

"व्हय. पर आमच्या घरचं शाळंला कशाला, आसं वाटलं."

पोर महिनाभर आठवड्यातून दोनच दिवस येईल, आई उठल्यावर रोज येईल, असं तिथंच ठरलं. नाव पुन्हा चढवलं, त्याचा जाब शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी विचारला. गुरुजींनी चूक स्वतःच्या नावावर घेतली, आणि त्यांची त्या वर्षीची बढती गेली. मी बोलणार होतो. बोललो नाही. आज लिहितो आहे.

पुढच्या वर्षी ठकू चौथीत असताना, दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी धुळबा आपणहून शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. "गुर्जी, पोरीचं लगीन माघात धरलंय. आदी हितं सांगाया आलो."

गुरुजींनी त्याला पायरीवर बसवलं. मग म्हणाले, "परीक्षा चैत्रात आहे. एक वर्ष थांबता येईल का? पाहुण्यांशी बोलायला मी येतो."

धुळबानं विचार केला. "तुमी नगा येऊ. माज्या लेकीच्या शाळंचं म्याच बोललं पायजे."

तो गेला, बोलला आणि लग्न वर्षभर पुढं ढकललं गेलं. ठकू चौथी पास झाली. दुसऱ्या माघात तिचं लग्न झालं आणि ती सासरच्या मेंढरांमागे गेली. एवढीच गोष्ट आहे. एवढ्यासाठी एवढी चढण का, असं मला पुष्कळदा वाटलं. थकल्या दिवशी आजही वाटतं. पण पोरीसाठी पाहुण्यांसमोर उभा राहिलेला बाप मी त्या वाडीत त्याआधी पाहिला नव्हता.

गुरुजीही आता थकले आहेत. ते कबूल करत नाहीत, पण चढणीला काठी घेतात. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी त्यांनी जन्मभर दारोदार जाऊन एकेक वर्ष मागून घेतलं. त्यांना स्वतःसाठी पुष्कळ वर्षं मिळोत, आणि तीही कुणाकडे मागावी न लागता.