गोठ्यातला सुतार

आपला मुलगा उद्या साहेबांसमोर पुन्हा खरं बोलणार, ही धास्ती काही केल्या आईच्या मनातून जाईना. मुलगा सुतार. गोठ्यातल्या दोन्ही गाई विकून त्याने तिथे करवतीचं यंत्र बसवलं आणि गावभरच्या गुरांसाठी तो लाकडी गव्हाणी करू लागला. मागे पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "ही जागा शेतीची. इथे गव्हाण ठेवता येईल, बनवता येणार नाही. तो धंदा झाला. गुरं कुठायत?"

"विकली, साहेब. त्यातूनच यंत्र घेतलं," हा शहाणा उत्तरला.

साहेबांनी मुदत दिली होती. उद्या ते पुन्हा येतील तेव्हा गुरं दिसली नाहीत, तर गोठ्याला टाळं लागणार होतं.

"नवी घेतली, चरायला गेलीत म्हण," आईने सुचवलं.

"खोटं बोलू नये, हे तूच शिकवलंस ना?"

"शिकवलं रे. पण तू ऐकशील असं कुठे वाटलं होतं?"

यंत्र कडब्याखाली झाकता आलं असतं. मुलाचं तोंड कशाखाली झाकणार? शेवटी तिने ठरवलं, भावाला फोन करायचा: तुझी एक गाय सकाळपुरती पाठव, आणि भाच्याला गव्हाण बसवायला दिवसभर तिकडे बोलावून घे. साहेबांशी गाय बोलणार नाही, एवढी तरी खात्री होती.