मडमेसाठी घेतलेले बूट
अमरावतीत कापसाचा भाव रोज चढत होता आणि तुमचे आजोबा त्याच्याहून चढले होते. गोऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी मिळाली म्हणून आम्ही दोघे पुणे सोडून इथे आलो. आजोबा सुधारक. बायकोला, म्हणजे मला, स्वतः इंग्रजी शिकवत आणि शिकवतो हे आल्यागेल्याला ऐकवत.

विहिरीची वाट कापसाच्या शेतातून जाई. पीक निघाले की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, तोडत. उरलेली धसकटे माझ्या अनवाणी पायांत घुसत. इथल्या शेतकरी बायका वहाणा घालून नवऱ्याच्या पुढे चालत आणि चालता चालता त्याला झापतही. आमच्या पुण्यात बाईने पायात काही घालणे म्हणजे घरातून पळून जाण्याच्या एक पायरी अलीकडचे पाप. तरी जखमा चिघळल्या तेव्हा मी वहाणा मागितल्या. सुधारणा मनाची हवी, पायांची नव्हे, असे सांगून आजोबांनी पुन्हा पुस्तक उघडले.

शेजारच्या शेतकरणीने माझे पाय पाहिले. "बाई, धसकट तुयाच पायात रुतते ना? मंग नवऱ्याले काहून इचारतं?"

मला इंग्रजी येत होते. तरी घागर उचलून मी लंगडत घरी गेले, अनवाणीच.

पुढे पेढीच्या साहेबाच्या मडमेने मला त्यांच्या अकोल्याच्या बंगल्यावर भेटायला बोलावले. आजोबांनी लगेच मुंबईहून चामडी बूट मागवले. लोक काय म्हणतील, असे मी विचारले. मडमेसमोर अनवाणी गेलीस तर काय म्हणतील, असे त्यांनी उलट विचारले. म्हणजे लोक बदलले होते, भीती तीच होती. मी बूट घालून दोन वाक्ये बोलले, मडम खूश झाली, आजोबा फुगले. घरी येताच बूट पेटीत ठेवायची आज्ञा झाली.

दुसऱ्या सकाळी मी लुगड्याखाली तेच काळे बूट चढवून, कमरेवर घागर घेऊन विहिरीवर गेले. वाटेत एकही धसकट रुतले नाही. "मडम आली पाण्याले," शेजारीण म्हणाली, आणि बायका काठ धरून हसल्या. दुपारपर्यंत गोष्ट पेढीवर पोचली.

"उद्यापासून हे बूट घालायचे नाहीत," आजोबा म्हणाले.

"मग काय घालू?"

त्यांनी हातातले पुस्तक मिटले.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी वहाणा आणल्या. बायकोला वहाणा घालायला आपणच शिकवले, असे ते शेवटपर्यंत सांगत. तुमच्या वडिलांनाही त्यांनी तेच सांगितले असणार.