मिरच्यांचा खाट आणि आत्याचा आवाज

मुलांनो, तुमच्या आत्याने गेल्या महिन्यात ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला. सुट्टीत ती तुमच्याकडे येईल तेव्हा मिरच्यांची गोष्ट हसत हसत सांगेल. मला त्या दिवशी हसू आले नव्हते, म्हणून तुमच्या आजीची बाजू आधीच लिहून पाठवते.

खूप वर्षांपूर्वी टोरोंटोत तिला पहिल्यांदा नायिकेची भूमिका मिळाली होती. मायक्रोफोन नाही, समोर पूर्ण वाद्यवृंद आणि आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. प्रयोग संध्याकाळी होता. आवाज जपायला ती सकाळपासून एक शब्दही बोलली नव्हती. काही हवे असले की कागदावर लिहून दाखवी. ती शांतता मला सोसेना. पेपरात तिचा मोठा फोटो आला होता, ओळखीच्या बायकांचे फोन चालूच होते. शाळेपासून इंग्रजीत शिकलेली मी. दृष्टबिष्ट कधी मानली नाही. तरी दुपारी मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या.

आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटच्या, खिडक्या थंडीमुळे बंद. क्षणात खाट घरभर पसरला, धुराचा अलार्म किंचाळू लागला आणि तिला ठसका लागला. थांबेचना.

"ठसका लागला ना? म्हणजे दृष्ट नव्हतीच!" आजोबा टॉवेलने धूर हाकलत म्हणाले. "कळलं आता. उघडा ती बाल्कनी!" मी ओरडले.

"आई, काय केलंस गं हे?" तिने विचारले. आवाज घोगरा, फाटलेला. तिची इतक्या वर्षांची मेहनत मी एका तव्यावर जाळली होती.

तिने नाट्यगृहाला कळवले. तिकडे बदली गायिका तयार ठेवली. ही तासभर वाफ घेत बसली आणि मग कोट चढवून निघाली.

पहिले दोन अंक मी काय ऐकले, सांगता येणार नाही. शेवटच्या अंकातला सर्वांत उंच सूर जवळ आला तसा मी आजोबांचा हात घट्ट धरला. सूर लागला, मध्ये जरासा चिरकला, पण तुटला नाही. लोक उभे राहिले. मला उठता आले नाही.

त्यानंतरच्या तिच्या प्रत्येक प्रयोगाला मी तशीच घाबरून बसले. आता वयामुळे वरचे सूर तिला झेपत नाहीत, म्हणून ती थांबली. खालचा आणि मधला आवाज शाबूत आहे; तुम्हाला गोष्ट सांगायला तेवढा पुरेल.