पूर्ण सहमत, दोन फोटोंसह

माझा पीएचडीचा प्रबंध घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आणि शीर्षक इतकं लांब की ते वाचून होईपर्यंत माणसाला विषयाचा कंटाळा यावा. सहकारी साखर उद्योगातील मनुष्यबळ व्यवस्थापन आणि कामगारांचे कार्यसमाधान: एक चिकित्सक अभ्यास. शेवटचे तीन शब्द आमच्याकडे सक्तीचे आहेत. ते लावले की चिकित्सा झाली असं धरतात.

प्रबंध छापायला द्यायच्या वेळी जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मार्गदर्शकांनी पानोपानी बदल करून घ्यायला लावला. त्यात दोन दिवस गेले. निष्कर्ष मात्र एकही बदलावा लागला नाही, कारण ते त्यांनी मला नोंदणीच्या दिवशीच सांगून ठेवले होते.

तेव्हा मी कोपरगावकडच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवत होतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे घेतले तेवढ्या तासांचा मोबदला, आणि एप्रिल संपला की राम राम. दर उन्हाळ्यात ओळखपत्र आणि ग्रंथालयाचं कार्ड कार्यालयात जमा करायचं आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभं राहायचं. समोर तेच प्राचार्य, ज्यांच्या मुलीच्या लग्नात मी जिलेबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरलो होतो. ते चष्मा सारखा करून विचारायचे, आपल्याला शिकवण्याचा काही अनुभव? नऊ वर्षं मी या प्रश्नाला नम्रपणे उत्तर दिलं. मग संस्थेत कळलं की कायम व्हायचं तर पीएचडी हवी, आणि मी संशोधक झालो. ज्ञानाची तहान वगैरे मला कधी लागलेली नव्हती.

संशोधनाला प्रश्नावली लागते. ती मार्गदर्शकांकडे तयार होती. चाळीस विधानं, आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. त्यांच्या एका विद्यार्थ्याने ती हॉटेलातल्या गिऱ्हाइकांचं वर्तन तपासायला वापरली होती, दुसऱ्याने पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. दोघंही आता विभागप्रमुख आहेत. मी फक्त 'ग्राहक' काढून 'कामगार' घातलं. घाईत एक विधान तसंच राहिलं: 'येथील आसनव्यवस्था व सजावट मला प्रसन्न करते.' ज्या कारखान्यात मी ते घेऊन गेलो, तिथे कामगार गेटाबाहेरच्या लिंबाच्या पारावर बसायचे आणि सजावट म्हणून मागे मळीची टाकी होती.

गळीत हंगाम ऐन भरात होता. लेबर ऑफिसरांनी परवानगी दिली, चहा दिला, आणि आमचे कामगार एकदम समाधानी आहेत हेही सांगितलं. मला तिथूनच परत फिरता आलं असतं, पण विद्यापीठाला भरलेले फॉर्म लागतात. मी तीन दिवस पाळी सुटायच्या वेळी गेटावर उभा राहिलो. कामगार माझ्याकडे विमा एजंटाकडे बघतात तसं बघायचे आणि मोटारसायकलला किक मारायचे. तीन दिवसांत अकरा फॉर्म आले, त्यातले दोन चहाच्या टपरीवाल्याने भरलेले.

चौथ्या दिवशी एक पंचावन्न-छप्पनचा माणूस स्वतःहून जवळ आला. तो बॉयलिंग हाऊसला होता, म्हणजे रस उकळून जिथे साखर धरते तिथे. अंगाला मळीचा गोडसर वास आणि गळ्यात पिवळं कार्ड. त्या कारखान्यात पिवळं कार्ड हंगामी कामगाराचं आणि हिरवं कायम कामगाराचं. त्याने फॉर्म उलटापालटा करून पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, "सर, ह्यो कायम व्हायचा फॉर्म हाय का?"

उत्तर 'नाही' होतं. एका शब्दाचं काम होतं. पण माझ्या पिशवीत कोरे फॉर्म होते, आदल्याच दिवशी मार्गदर्शकांनी फोनवर माझी हजेरी घेतली होती, आणि जूनची मुलाखत डोळ्यांपुढे होती. मी म्हणालो, "हा वरपर्यंत जातो." ते खोटं नव्हतं. विद्यापीठाचा पीएचडी विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे.

त्याने मान डोलावली आणि पारावर बसून फॉर्म भरायला घेतला. अक्षर सुरेख होतं. भरता भरता त्याने सांगितलं की त्याचे सोळा हंगाम झालेत. कोणी कायम माणूस निवृत्त झाला की जागा निघते आणि दर वेळी त्याला 'पुढच्या बारीला बघू' म्हणतात. हंगाम संपला की कार्ड गेटावर जमा करायचं, बॉयलर पेटायची वेळ आली की पुन्हा अर्ज करायचा. आता त्याची चार वर्षं उरली होती. त्याला फार काही नको होतं. निवृत्तीआधी एकदा हिरवं कार्ड घालून गेटातून आत जायचं होतं, कारण त्याच्यामागून लागलेले दोघं तसे जात होते आणि ते त्याला रोज नमस्कार घालत. मी सहानुभूतीने ऐकलं. कार्ड जमा करायची गोष्ट आपल्याही ओळखीची आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. वाणिज्याचा प्राध्यापक होतो मी, इतकं जवळचं आम्हाला दिसत नाही.

जाताना त्याने पाळीतल्या बाकीच्यांसाठी म्हणून माझ्या पिशवीतले कोरे फॉर्म मागून नेले, आणि दुसऱ्या दिवशी माझं नशीब फळफळलं. पाळी सुटली आणि गेटावर रांग लागली. काल किक मारून पळालेले आज केस विंचरून आले होते. प्रत्येकाच्या हातात भरलेली प्रश्नावली आणि तिला टाचणीने लावलेले दोन पासपोर्ट फोटो, आधारची झेरॉक्स, काहींचं रेशनकार्डही. एकाने जातीचा दाखला आणला होता आणि तो लागतो का असं विचारत होता. आमच्याकडे कागद म्हटला की त्याला फोटो आणि झेरॉक्स जोडायची सवय आहे, मागितलं नसलं तरी. उलट न मागितलेलं जोडलं नाही तर फॉर्म परत येतो, हा सगळ्यांचा अनुभव. मी काय केलं? घेतले. फोटोंसकट.

घरी येऊन चाळले तर अर्धेअधिक फॉर्म एकाच सुरेख अक्षरात. ज्यांना लिहायचा कंटाळा होता त्यांचे त्यानेच भरले होते. आणि झाडून सगळ्यांची सगळ्या विधानांना एकच खूण: पूर्ण सहमत. वरिष्ठ माझ्या अडचणी समजून घेतात, पूर्ण सहमत. सजावट मला प्रसन्न करते, पूर्ण सहमत. संधी मिळाल्यास मी ही नोकरी तत्काळ सोडेन, पूर्ण सहमत.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला गाठलं आणि म्हटलं की अहो, खरं वाटतं ते लिहायचं असतं. त्याला माझी कीव आली असावी. "नाराज मानसाला कोन कायम करतंय, सर?" तो म्हणाला.

व्यवस्थापनशास्त्राची जेवढी पुस्तकं मी वाचली होती, त्यांत या वाक्याच्या तोडीचं एकही नव्हतं. ते मी प्रबंधात घातलं नाही. त्याला संदर्भ कुठला देणार?

नोकरी सोडण्याच्या विधानाचं काय करावं, असं मी मार्गदर्शकांना विचारलं. ते म्हणाले, कामगार महत्त्वाकांक्षी आहे असं लिहा. प्रश्नावलीच्या शेवटी 'आणखी काही सांगावयाचे आहे का?' असा एक प्रश्न होता आणि खाली दोन मोकळ्या ओळी. बहुतेकांनी त्या सोडल्या होत्या. बॉयलिंग हाऊसवाल्याने लिहिलं होतं: 'सोळा हंगाम झाले. कार्ड हिरवे व्हावे ही विनंती.' मार्गदर्शक म्हणाले की हे तक्त्यात बसत नाही, वगळा. मी वगळलं. आधारच्या झेरॉक्सची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी बेरजा केल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा कागद वाचला याचाच आनंद झाला होता.

पुढे सगळं रीतसर झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मौखिक परीक्षेत नमुना निवड कशी केली ते विचारलं, आणि उत्तर संपायच्या आत जेवणात मांडे आहेत का तेही. मला पदवी मिळाली, जूनमध्ये कायम नेमणुकीचा आदेश मिळाला, आणि प्राचार्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझा अनुभव विचारला नाही. कारखान्याने शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. लेबर ऑफिसरांनी निष्कर्षाचं प्रकरण मागून घेतलं. ऑफिसात आदर्श म्हणून ठेवतो म्हणाले. मी ते सही करून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात, कारखाना बंद झाल्यावर, तो मला भेटायला कॉलेजात आला. पांढरा सदरा, गळा मोकळा. कार्ड जमा झालेलं होतं. मी त्याला स्टाफरूममध्ये बसवलं. त्याने सांगितलं की या हंगामात तीन जागा निघाल्या होत्या आणि हंगामी लोक मिळून साहेबांकडे गेले होते. साहेबांनी कपाटातून माझं प्रकरण काढून त्यांच्यापुढे ठेवलं. मोठ्या कॉलेजच्या सरांनी तपासलंय, तुम्ही सगळे आहात त्या स्थितीत पूर्ण समाधानी आहात, असं छापून आलंय, मग तक्रार कसली? जागा बाहेरची तीन माणसं आणून भरल्या. हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. काय काय झालं ते क्रमाने सांगत होता.

मग त्याने ते पुस्तक बघायला मागितलं. मी विभागातली प्रत आणून तक्ता उघडून दिला. त्याने हात सदऱ्याला पुसले आणि बोट ठेवत एकेक रकाना खाली उतरत गेला. बराच वेळ.

"ह्यात मी कुठं हाय?"

मी 'पूर्ण सहमत'चा रकाना दाखवला आणि म्हटलं, इथे, सगळ्यांमध्ये. मला त्याला सगळं सांगायचं होतं, की तो फॉर्म तसला नव्हता आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगितलं ते एवढंच की चहा घ्या.

त्याने चहा घेतला. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे त्याचं लक्ष गेलं. उन्हाळा होता, आणि ते माझ्या गळ्यात होतं.

"तुमी झाला व्हय कायम?"

मी हो म्हणालो. त्याचा चेहरा खरोखरच उजळला. त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"मंग फॉर्म खराच हुता म्हनायचा," तो म्हणाला. "मी घरी सांगत हुतो, त्यो मानूस खोटं बोलनारा न्हाई."