शिसवी तुणतुणं
सुताराच्या दारात शिसवाचा भुसा नाकात गेला की पारनेरचे आमचे मामा आठवतात. ते आमच्या गायन पार्टीचे मुख्य गायक आणि मी मागे कोरसला. मी नववीत असताना घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. घरी आल्यावर त्यांनी शिसवाचा एक अखंड ओंडका महिनाभर बसून आतून कोरला, तळाला चामडं ताणलं आणि एकच तार चढवली. पत्र्याच्या डब्याचं तुणतुणं नुसतं किणकिणतं. याचा आवाज खोल होता, थेट छातीत उतरायचा. जयंतीच्या कार्यक्रमात ते वाजवायला बसले आणि मी गायले. धृपदाची ओळ नेहमी त्यांचीच असायची. ती आली तसं त्यांनी सवयीनं मान वर करून तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. मी घाबरून त्यांची ओळ मोठ्यानं म्हटली आणि टाळ्या पडल्या. मामांनी तुणतुणं हळूच माझ्या मांडीवर ठेवलं आणि कसंबसं कुजबुजले, “लई ग्वाड म्हनलीस बाय. आता तूच म्हन.” त्यानंतर ते पार्टीबरोबर कधी आले नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, मी त्यांना सांभाळून घेतलं. आता त्यांच्या वयाची झाल्यावर वाटतं, ती ओळ मी रिकामी सोडायला हवी होती. त्यांनी ती वाजवून काढली असती.