काठीखाली वाकणारा एन्सिल

दर शुक्रवारी रात्री साडेआठला बेटाच्या एका टोकाला, क्राउन पॉइंटच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात ढोल सुरू झाला, की एन्सिल ट्रिम अनवाणी वाळूवर धावत यायचा. तेवीस वर्षं हे असंच चाललं होतं. आता तो शेहेचाळीस वर्षांचा होता. अंगात पिवळा सॅटिनचा सदरा, ढोपरापर्यंत फाडलेली विजार आणि चेहऱ्यावर हसू. हसू कराराच्या कागदात नव्हतं, पण ते नसेल तर काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लिंबो नावाचा नाच तो करायचा. दोघांनी आडवी धरलेली काठी, आणि तिच्याखालून मागे वाकून, गुडघे पुढे काढून, पाठ जमिनीला न टेकवता पलीकडे जायचं. दर फेरीला काठी खाली यायची. आधी छातीशी, मग कमरेशी, मग गुडघ्याशी. शेवटी तिच्यावर तेल ओतून ती पेटवायचे आणि बिअरच्या दोन बाटल्यांवर टेकवायचे. तेवढ्या फटीतून एन्सिल निघायचा. उन्हानं लाल झालेले इंग्लंड-जर्मनीचे पाहुणे खुर्च्यांवर उभे राहून ओरडायचे.

हे तो हॉटेलात शिकला नव्हता. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, शार्लटव्हिलला, मेल्विना नावाच्या बाईनं त्याला शिकवलं. ती त्याची नात्यातली कुणी नव्हती, पण सगळं गाव तिला टँटी, म्हणजे मावशी, म्हणायचं. एन्सिलची आई कामाला त्रिनिदादला गेली आणि तिकडचीच झाली, तेव्हापासून हा पोरगा टँटीच्याच चुलीपाशी वाढला. गावात लिंबो मयताच्या घरी नाचायचे. पुरण्याच्या आदल्या रात्री अंगणात ढोल आणि बांबू वाजायचे, कॉफी आणि रम फिरायची, आणि काठी आधी अगदी जमिनीलगत धरायचे. दर फेरीला ती वर जायची. पहाटेपर्यंत नाचणारा ताठ उभा राहून तिच्याखालून चालत जायचा. मग गेलेला माणूस वर निघाला, मोकळा झाला, असं म्हणायचे.

तेविसाव्या वर्षी एन्सिल हॉटेलात आला तेव्हा त्या वेळच्या मॅनेजरला त्यानं हे सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाला होता, "अरे बाबा, जे सोपं सोपं होत जातं त्याला टाळ्या कोण वाजवणार?" मुद्दा एन्सिलला पटला. काठी उलटी चालायला लागली.

टँटी एकदाच बघायला आली. चर्चमधल्या बायकांची सहल निघाली होती, त्या बसनं. हॉटेलच्या दोरीपलीकडे, सरकारी वाळूवर उभं राहून तिनं सगळा खेळ बघितला. नंतर तो घामानं निथळत तिच्यापाशी गेला, तर तिनं त्याचं तोंड आपल्या रुमालानं पुसलं आणि विचारलं, "सगळं छान केलंस पोरा. पण तू वर कधी येतोस?" त्यानं हसण्यावारी नेलं. त्यानंतर ती आली नाही, आणि तोही गावाला नाताळापुरताच जात राहिला.

मंगळवारी दुपारी तिचा भाचा हेस्केथ याचा फोन आला. टँटी झोपेतच गेली होती. शुक्रवारी रात्री जागरण, शनिवारी सकाळी पुरायचं. हेस्केथ फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "तिनं सांगून ठेवलंय. एन्सिल मला नाचून बाहेर काढेल, दुसऱ्या कुणाला काठीखाली जाऊ देऊ नका."

एन्सिल तसाच मिस अव्हिऑनकडे गेला. करमणुकीचं सगळं ती बघायची. तिशीतली, बेटावरच्याच स्कारबरो शहरातली मुलगी, स्वभावानं वाईट नव्हती. तिनं उठून त्याचा हात धरला, वाईट वाटतंय म्हणाली, आणि पुन्हा खुर्चीत बसली. शुक्रवारी दोन विमानं भरून पाहुणे यायचे होते. दुसरा नाचणारा मार्चमध्येच एका बोटीवर नोकरीला गेला होता.

"मिस्टर ट्रिम, तुम्हीच सांगा, तुमच्याऐवजी वाकणार कोण?" ती म्हणाली. "आणि महिनाअखेरीला सगळ्यांचे करार नवे व्हायचेत. मी वरच्यांना काय सांगू?"

धमकी तिनं दिली नव्हती. तिच्या आवाजात धमकीपेक्षा काळजीच जास्त होती, म्हणून तर त्याला भांडताही येईना.

घर म्हणजे हॉटेलच्याच मागच्या आवारातली एक खोली. बायको लिस्ट्रा हॉटेलच्या धुलाईत होती. खिडकीतून दिवसभर चादरी वाळताना दिसायच्या आणि रात्री बारचं गाणं आत यायचं, खिडकी लावली तरी यायचं. दोघांचं काम एका फाटकाच्या आत, झोपही त्याच फाटकाच्या आत. लिस्ट्रानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेलेल्या बाईला तू आलास की नाही ते कळणारेय का? पण आपल्याला खोली गेलेली कळेल." मग दिवा मालवून ती भिंतीकडे तोंड करून पडली. बऱ्याच वेळानं अंधारातून म्हणाली, "माझ्या बाळंतपणात तिनंच केलं होतं सगळं."

शेवटी तोड निघाली ती ढोल वाजवणाऱ्या कर्लनकडून. खेळ साडेनऊला संपतो, त्याच्याकडे व्हॅन आहे, लगेच निघालं तर अकरा-साडेअकराला शार्लटव्हिल. जागरण पहाटेपर्यंत चालतं. दोन्हीकडे नाचता येईल. एन्सिलला ते इतकं सोपं वाटलं, की आधीच का सुचलं नाही याचा त्याला राग आला.

त्याच्या पाठीचं मात्र कुणाला माहीत नव्हतं. तीन वर्षं कमरेच्या वर एक जागा दुखत होती. सकाळी उठताना आधी कुशीवर वळून, पलंगाचा कठडा धरून तो बसायचा. लिस्ट्रा मलम चोळून द्यायची आणि वास जावा म्हणून वरून खोबरेल लावायची. शुक्रवारी संध्याकाळी तिनं दोनदा चोळलं.

खेळाला गर्दी होती. छातीची फेरी झाली, कमरेची झाली, गुडघ्याची झाली. काठी पेटली आणि बाटल्यांवर टेकली. एन्सिल मागे वाकला, गुडघे पलीकडे गेले, पोट गेलं. छाती जाळाखाली आली आणि पाठीत काहीतरी अडकलं. मोडलं नाही, नुसतं अडकलं. पुढे जाईना, मागे येईना, खालीही टेकता येईना. जाळ हनुवटीपासून चार बोटांवर होता. तेलाचे थेंब वाळूत चरचरत होते. पाहुण्यांनी फोन वर धरले. त्याला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं आणि चेहऱ्यावरचं हसू हलत नव्हतं. हलवायचं कसं हे त्याला आठवेनाच.

ढोल चालूच होता. कर्लनला वाटलं, आज एन्सिल मुद्दाम थांबलाय, म्हणून तोही घुमवत राहिला. मग त्याचं लक्ष एन्सिलच्या डाव्या हाताकडे गेलं. तो वाळू मुठीत धरत होता आणि सोडत होता. कर्लन काठीवाल्यांवर खेकसला, "वर घ्या. वर घ्या ती." दोघांनी पेटलेली काठी उचलली, कमरेपर्यंत, मग डोक्यावर. एन्सिल तिच्याखाली आडवा झाला. दोघांनी काखेत हात घालून त्याला उभा केला आणि लोक वेडे झाले. तेवीस वर्षांत इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

कपडे बदलायच्या खोलीत तो बाकावर पालथा पडला होता, तिथे मिस अव्हिऑन आली. डोळे चमकत होते. "हे काय होतं मिस्टर ट्रिम? ते थांबणं, आणि मग काठी वर. पुढच्या शुक्रवारी हेच ठेवू या." बाकाची कडा त्यानं किती घट्ट धरली आहे हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती डॉक्टरांना फोन करते म्हणाली. तो नको म्हणाला. गर्दीमुळे पाहुण्यांच्या फोटोंना दीड तास लागणार होता, तेवढं मात्र तिनं कर्लनलाच उरकायला सांगितलं, त्यामुळे निघायला अकरा वाजले.

व्हॅनच्या मागच्या भागात, ढोलांच्या मधे तो आडवा होता. वळणावळणाच्या त्या रस्त्यावर प्रत्येक वळण पाठीत शिरत होतं. शार्लटव्हिलला पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. अंगणात दिवे होते, म्हातारे पत्ते खेळत होते, बिस्किटांचा डबा फिरत होता. मधोमध दोन माणसं काठी घेऊन बसली होती. काठी अजून जमिनीवरच होती. ते त्याच्यासाठी थांबले होते.

कर्लन आणि हेस्केथनं त्याला धरून आणलं, तेव्हाच सगळ्यांना कळलं. खुर्ची आणली, पाठीशी उशी दिली, हातात कॉफी दिली. एन्सिल म्हणाला, "मी बसून थोडा आराम करतो, मग बघतो." कुणीतरी "हो हो, आरामात" म्हणालं. तो दोनदा उठायला गेला. दुसऱ्यांदा कॉफी सांडली.

तीनच्या सुमाराला टँटीची धाकटी बहीण युडोरा पुढे आली. वय बहात्तर. तिनं झग्याचा घोळ कमरेला बांधला आणि काठीवाल्यांना खूण केली. जमिनीलगतच्या फेऱ्या तिच्यानं होणार नव्हत्या, म्हणून त्यांनी काठी सरळ तिच्या खांद्याशी धरली. थोडी मान मागे टाकून ती पलीकडे गेली. मग डोक्याशी धरली, तिथून ती ताठ चालत गेली. दोनच फेऱ्यांत झालं. ढोल थांबला, लोकांनी डोळे पुसले. जाता जाता युडोरानं एन्सिलच्या खांद्यावर हात ठेवला. एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. सकाळी पेटीला खांदा द्यायला चार जण उभे राहिले आणि तो खुर्चीतूनच बघत राहिला.

डॉक्टर म्हणाले, मणका सरकलाय, आता वाकणं विसरा. हॉटेलनं त्याला काढलं नाही. करार झाला, खोली राहिली. शर्नेल नावाची एक बाई नवी नाचणारी म्हणून आली आणि तिला शिकवायचं काम एन्सिलवर आलं. जाळाखाली थांबायचं, आठ ठोके हलायचं नाही, मग काठी वर जाणार. तिला ते काही केल्या खरं वाटेल असं जमेना. एकदा तिनं विचारलं, "अंकल, तुम्ही त्या दिवशी तिथे होता तेव्हा मनात काय चाललं होतं? तेवढं सांगा, म्हणजे मला चेहरा सापडेल."

"चेहऱ्याचं काही करू नकोस," एन्सिल म्हणाला. "हाताकडे लक्ष दे. वाळू धरायची आणि सोडायची."

तिला ते जमलं. पाहुण्यांना फार आवडतं.

तो आता काठीचं एक टोक धरतो. खेळ संपला की बार उघडतो आणि पाहुणे रांग लावून स्वतः काठीखालून जायला येतात. ग्लास हातात घेऊन, हसत, एकमेकांवर कोसळत. कुणी पडलं की पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं. रांग संपेपर्यंत काठी खाली ठेवायची नसते, आणि ती बार बंद होईपर्यंत संपत नाही.